दुर्बिणीचे पाय

२ नोव्हेंबर

दुर्बीण आज माळ्यावरून उतरली. मी वर, बायको खाली स्टूल धरून आणि मध्ये आमचं भांडण, अशा रीतीने उतरली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे. तिथे शिवणयंत्र ठेवायचं की दुर्बीण, हा वाद बरेच दिवस चालला होता आणि तो मी जिंकला. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "संध्याकाळभर खुर्चीत पुतळ्यासारखे बसून असता, ते बघवत नाही. म्हणून हरले मी."

आरसा पुसून बघितला. कडेला थोडा काळवंडलाय, पण मधला भाग अजून लखलखीत आहे. हा सहा इंची आरसा मी लग्नाआधी स्वतःच्या हातांनी घासला. काचेवर काच, मध्ये ओली पूड आणि एक अख्खा हिवाळा. लोक तोंड भरून कौतुक करायचे. मला त्यात फार काही वाटलं नाही, कारण माझा धंदाच तो. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी कवळ्या आणि कॅप बनवतो. डॉक्टरबाई पुढे लोकांना तोंड उघडायला लावतात, त्यात बसवायचं ते मी मागे घडवतो. कॅपच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी खालचा दात सडतो. त्यामुळे केस म्हणजे किती हे माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं.

निरीक्षणं लिहायला ही नवी वही आणली आहे. आकाशाबाहेरचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्याच पानावर शिवणयंत्र आणि कवळ्या आल्या, ते जाऊ दे.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी सगळं सामान इमारतीच्या गच्चीवर नेलं. नळी मी घेतली, स्टँड बायकोने. दिवे लागायच्या सुमाराला शनी दक्षिणेला छान वर आला होता. इतक्या वर्षांनी भेट, आणि गडी होता तिथेच, तसाच.

साध्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, पिवळा ठिपका, त्याला कान फुटल्यासारखं कडं. मन भरून आलं. मग जास्त ताकदीचं आयपीस लावलं आणि घोटाळा सुरू झाला. शनी थरथरत होता. हवेची लहर असली की कडं उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं, ही तशी नव्हे. हे अख्खं चित्रच एका ठेक्यात इकडून तिकडे, बारीक, न थांबता. वाराही नव्हता.

माझी बसायची पद्धत जुनीच आहे. डोळा आयपीसला, उजवा हात नळीच्या पाठीवर. पृथ्वी फिरते तसा ग्रह सरकत जातो, तेव्हा नळीला मागोमाग हलकासा रेटा देत राहावा लागतो. तो रेटा माझ्या हातात बसलेला आहे. पाहुण्यांसाठी मात्र पूर्वीपासून एकच नियम: मी बाजूला होणार, पाहुण्याने हात पाठीमागे बांधून नुसता डोळा लावायचा. बायकोलाही तोच नियम.

तिने डोळा लावला. "अय्या, कडं दिसतंय की!"

"थरथरतंय ना?"

"नाही हो. चित्रासारखं आहे."

तिला विचारण्यात अर्थ नाही. चांगला शनी तिने कधी बघितलेला नाही, तर वाईट कसा ओळखणार? स्टँडचे पाय खिळखिळे झाले असणार. माळ्यावर पडून पडून लाकूड वाळलं असेल.

६ नोव्हेंबर

दुर्बिणींच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार वयाने माझ्याएवढा, चष्मा कपाळावर, आणि बोलायला लागला की गिऱ्हाइकाला विसरणारा. मी म्हटलं, स्टँडच्या पायांखाली ठेवायच्या त्या थरथर शोषणाऱ्या रबरी चकत्या द्या, फोकस करायची मोटर द्या आणि चार-पाच आयपीस दाखवा.

"साहेब, मी विकायलाच बसलोय," तो म्हणाला, "पण आधी खुर्ची घ्या."

"खुर्ची?"

"उंची कमीजास्त होणारी. वाकून बघणारा माणूस मान सांभाळतो, बसून बघणारा ग्रह बघतो. मग लाल दिवा, म्हणजे नकाशा बघताना डोळे दिपत नाहीत. आयपीस एकच घ्या, पण चांगलं घ्या. दवाचा त्रास असेल तर नळीच्या तोंडाला जुन्या चटईची गुंडाळी बांधा, ती माझ्याकडून घेऊ नका. नुसती लूट आहे ती."

मला हा माणूस आवडला. पण चकत्यांच्या बाबतीत तो अडून बसला. म्हणाला, घरी जाऊन स्टँडला एक टिचकी मारा. चित्र हलेल. चटकन शांत झालं तर पाय ठणठणीत आहेत, बराच वेळ डुलत राहिलं तर चकत्या घ्यायला या. खुर्ची, दिवा आणि एक आयपीस सांगून आलो. खुर्ची मागवावी लागणार आहे.

९ नोव्हेंबर

टिचकी मारली. चित्र हललं आणि लगेच शांत झालं. दोनदा केलं, तीनदा केलं, तेच. मग समाधानाने खाली बसलो, नळीवर हात ठेवला, डोळा लावला, की पुन्हा थरथर हजर! म्हणजे पाय ठीक आहेत आणि तरी थरथर आहे. याचा अर्थ ती जमिनीतून येते. गच्चीवर पाण्याचा पंप आहे हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

खाली उतरून सोसायटीच्या सेक्रेटरीचं दार वाजवलं. संध्याकाळचा तेवढा वेळ पंप बंद ठेवता येईल का, असं नम्रपणे विचारलं.

"का?"

"शनी हलतो."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "अहो, लोक कामावरून येऊन आंघोळ करतात. त्यांना काय सांगू, शनीवर जाऊन करा?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी अर्धा तास पंप बंद ठेवायला तयार झाले, तेही आठवड्यातून एकदा. घरी आलो तर बायको दारातच हसत उभी. जिन्यात सगळं ऐकू आलं होतं. म्हणाली, "शनी लोकांच्या राशीला लागतो, आपल्याकडे सोसायटीच्या पंपाला लागलाय."

१३ नोव्हेंबर

दवाखान्यात एक अप्रिय प्रकार. डॉक्टरबाईंनी कॅप परत आणून दिली. दाढेची, साधी. कड जुळत नाही म्हणाल्या. मी भिंगाखाली धरून बघितली तर खरंच एका जागी मेण ओघळल्यासारखं झालं होतं. इतक्या वर्षांत माझं काम परत आल्याचं मला आठवत नाही. कॅप आधी मेणात कोरून मग धातूत ओततात, आणि हे नवीन मेण भिकार आहे. लवकर मऊ पडतं आणि कोरताना हत्यार घसरतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, पण जाताना दारात थांबून माझ्याकडे बघत राहिल्या.

दुपारी नाकाला रुमाल लावून धावत आल्या. कवळीच्या द्रवाची बाटली उपडी झाली होती आणि सगळा दवाखाना त्या वासाने भरला होता, म्हणे. मला तो आलाच नाही. जन्म त्या वासात गेल्यावर नाक कशाला दखल घेईल?

१६ नोव्हेंबर

खुर्ची आली. दुकानदाराला सलाम. मान मोडत नाही, पाठ मोडत नाही, माणूस ऐसपैस बसतो. चटईची गुंडाळीही बांधली, बायकोने ती टाचून दिली. लाल दिव्यामुळे गच्ची एखाद्या फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीसारखी दिसते.

पंप बंद होता. सेक्रेटरी स्वतः वर येऊन बघून गेले. त्यांनाही हात पाठीमागे बांधायला लावून शनी दाखवला. ते म्हणाले, "हे खरंच तिथे आहे?" मी म्हटलं, हलतो ना? ते म्हणाले, छे, अगदी खिळ्याने ठोकल्यासारखा आहे. ते खाली गेल्यावर मी बसलो. थरथर.

आता उरली लिफ्ट. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्याच खोलीत आहे. पण ती बंद करा म्हणायची माझी छाती झाली नाही.

खरं सांगायचं तर आज कंटाळा आला. कसलातरी अदृश्य उंदीर माझ्या दुर्बिणीत शिरलाय आणि मी बसलो की कुरतडायला लागतो, दुसरं कोणी आलं की दडून बसतो.

१८ नोव्हेंबर

लेकीचा फोन. तिला परवा या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले होते, शनीची चित्रं काढलेली.

"बाबा, तुझं अक्षर असं का झालंय? मुंग्या चालल्यासारखं. ओळीच्या सुरुवातीला तरी वाचता येतं, शेवटी नुसती रेघ."

मी म्हटलं, कागद वाचवतोय.

"आणि शनीही मुगाच्या डाळीएवढा काढलायस."

"तो लांब आहे बाळा, तेवढाच दिसतो."

ती हसली. मग म्हणाली, आईला दे. दोघी बराच वेळ बोलत होत्या. बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी हाक मारली, काय चाललंय, तर म्हणाली, "शिवणयंत्राचं."

२३ नोव्हेंबर

मी जुमानलं नाही, मोटर आणि चकत्या दोन्ही आणल्या. दुकानदार विकायला तयारच नव्हता. म्हणाला, "टिचकीत पास झालाय ना स्टँड? मग साहेब, मला एक सांगा, नळीवरून हात काढून बघितलंत का?"

मला राग आला. मी म्हटलं, तुमच्या जन्माआधीपासून मी दुर्बीण वापरतोय. जे खरं नाही, कारण तो माझ्याच वयाचा आहे. त्याने वस्तू बांधून दिल्या.

चकत्या ठेवल्या, ते सोपं. मोटर फोकसच्या चाकाला चार बारीक स्क्रूंनी बसते. मी मेणातून समोरचा दात कोरणारा माणूस, स्क्रू म्हणजे काय. पहिला पडला, पलंगाखाली गेला. दुसरा भोकाच्या कडेवर टकटक करत राहिला, आत जाईना. तिसराही. मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, तेव्हा दोन्ही हात हलायला लागले. घाम फुटला. खोलीत थंडी असताना घाम.

बायको दारात केव्हा आली कळलं नाही. खाली बसली, पलंगाखालचा स्क्रू शोधला आणि सुईत दोरा ओवावा तसे चारही बसवून टाकले. "डोळ्यांवर ताण येतोय तुमच्या," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, डोळ्यांवरच. आज दुर्बीण लावली नाही.

२७ नोव्हेंबर

दवाखाना सुटल्यावर डॉक्टरबाईंनी बसवून घेतलं. स्वतः चहा आणला. चहा आणणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

"मी दातांची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या, "त्यामुळे मी काही बोलणं बरोबर नाही. पण तुम्ही मज्जातंतूंच्या डॉक्टरांना एकदा दाखवा."

"कशासाठी?"

"तुमचा हात."

"नवीन मेण..."

"मेण बदललंय मी. मागच्या आठवड्यात जुनंच मागवलं. तुम्हाला सांगितलं नाही."

मी कपाकडे बघत बसलो. कप बशीत वाजत होता. मी तो खाली ठेवला तर टेबलावर वाजायला लागला. तेव्हा हात काढून खिशात घातला. त्या म्हणाल्या, तोवर तुम्ही साच्यात प्लास्टर ओतायचं काम बघा, कोरीव काम मी बाहेर देते. खोली तुमचीच आहे, घाई नाही. सगळं इतक्या मऊपणे बोलल्या की भांडायला जागाच मिळाली नाही.

प्लास्टर ओतायचं! ते कालवायला माणसाला हात कशाला लागतात, फावडं पुरतं.

घरी येऊन सांगितलं नाही. पण इथे लिहितो. मला भीती वाटते. माझ्याकडे शिक्षण नाही, बोलण्याची कला नाही, साठवलेलं असं काही नाही. जे काही मी आहे ते मनगटाच्या पुढे आहे. ते गेलं तर मागे जो माणूस उरतो त्याच्याशी माझी ओळखसुद्धा नाही.

२८ नोव्हेंबर

सांगायची गरजच नव्हती. डॉक्टरबाईंनी बायकोला आधीच फोन केला होता आणि लेकीला सगळं ठाऊक होतं. म्हणजे घरात, दवाखान्यात आणि फोनवर सगळ्यांना माहीत, मीच तेवढा पंप बंद करत फिरत होतो.

"कधीपासून बघतेयस?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. चालताना तुमचा उजवा हात हलतच नाही. हलायला पाहिजे तेव्हा हलत नाही, आणि निवांत बसलात की हलतो."

"मग बोलली का नाहीस?"

ती जेवणाची भांडी उचलत होती, ती तशीच धरून उभी राहिली. "मामांचं असंच सुरू झालं होतं," म्हणाली.

तिचे मामा मला चांगले आठवतात. देखणा, गप्पिष्ट माणूस. शेवटची कितीतरी वर्षं मामी त्यांना चमच्याने भरवायची आणि घास गिळला की नाही हे गळ्याला बोट लावून बघायची. लग्नाआधी माझी बायको त्यांच्याकडेच राहायची. दुपारचं भरवणं तिच्याकडे असायचं. आमच्या लग्नात मामा खुर्चीत होते आणि त्यांच्या मांडीवरचा रुमाल सारखा खाली पडत होता. तो दर वेळी हीच उचलून ठेवत होती, नवरीच्या कपड्यांत.

तिने मज्जातंतूवाल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. सात तारखेची. मी येणार नाही म्हणालो. ती या महिन्यात पहिल्यांदाच ओरडली. मीही ओरडलो. मग मी म्हटलं, "हे बघ, पैज लाव. मी शनी लावतो आणि हात काढून घेतो, नळीला कोणाचाही स्पर्श नाही. तरीही हलला तर दोष दुर्बिणीचा, आणि मी कुठल्याही डॉक्टरकडे येणार नाही. स्थिर राहिला तर निमूट येतो."

"आणि स्टँडने खोटं सांगितलं तर?"

"स्टँड कशाला खोटं सांगेल?"

तिने भांडी खाली ठेवली. "लागली," म्हणाली.

माझी बाजू भक्कम आहे. लिफ्ट अजून तपासलेलीच नाही.

१ डिसेंबर

ढग.

३ डिसेंबर

ढग. दवाखान्यात दिवसभर प्लास्टर ओतलं. बाहेरून करून आणलेली एक कॅप माझ्या टेबलावरून पुढे गेली. मी ती भिंगाखाली धरून बघितली. चांगली होती. वाईट निघाली असती तर बरं वाटलं असतं, इतका मी खाली आलोय.

हात काढून आताही बघता येईल, हे मला कळतं. समोरच्या इमारतीवरच्या दिव्यावर दुर्बीण रोखली तरी चालेल, त्याला ढग आड येत नाहीत. पण पैज शनीची आहे. बायकोनेही दिव्याचा विषय काढलेला नाही. आम्ही दोघं रोज संध्याकाळी खिडकीतून वर बघतो आणि "ढग आहेत" असं एकमेकांना सांगतो. काल ती ते म्हणाली तेव्हा मला वाटलं, हिच्या आवाजात सुटका आहे. मग वाटलं, माझ्याच कानात असेल.

५ डिसेंबर

दुर्बीणवाल्याचा फोन आला होता, मोटर नीट चालते ना विचारायला. मी म्हटलं, चालते. तो म्हणाला, "त्या दिवशी जरा जास्त बोललो. माझे वडील काड्या बसवायचे, चष्म्यांच्या. म्हणून माझं लक्ष आधी हाताकडे जातं." मी आभार मानून फोन ठेवला. त्याने जे विकलं नाही तेवढंच उपयोगाचं होतं, असं आता वाटतं. खुर्ची सोडून.

अजून ढग. पण पश्चिमेकडे फाटतायत.

६ डिसेंबर

आकाश निवळलं. उद्या डॉक्टरांची वेळ, म्हणजे पैज आजच.

दिवेलागणीला वर गेलो. स्टँड बायकोने उभा केला, नळी दोघांनी चढवली. पंप बंद. लिफ्ट खालीच उभी होती, सेक्रेटरींनी कुणालातरी जिन्याने पाठवलं असं नंतर कळलं. त्यांना पैजेचं कोणी सांगितलं हे मी विचारणार नाही.

शनी शोधला, जास्त ताकदीचं आयपीस लावलं, ग्रह चित्राच्या कडेला आणून ठेवला. मग हात काढले. खुर्चीत बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, एखाद्या मास्तरांनी शिक्षा केल्यासारखे. बायको शेजारी उभी होती. मी डोळा लावला.

नळीचा पहिला धक्का विरला. मग शनी कडेवरून आत यायला लागला. तो सरकत होता, पण हलत नव्हता. गोळा वेगळा, कडं वेगळं आणि दोन्हींच्या मध्ये काळी फट, केसाएवढी, सुरीने कापल्यासारखी. कड्याची सावली गोळ्यावर पडलेली दिसत होती. शेजारी एक चंद्र, टाचणीच्या टोकासारखा. तरुणपणीसुद्धा मी इतका स्वच्छ शनी पाहिला नव्हता. आरसा फार चांगला घासला होता मी. पाय चांगले होते, पंप चांगला होता, सगळं काही चांगलं होतं.

आणि उजवा हात मांडीखाली आपलं काम करत होता. खुर्चीच्या फळीवर त्याची बोटं बारीक वाजत होती, ती मला जाणवत होती. तिकडे शनी शांत आणि इकडे हा. मी मनात म्हणत होतो, हल. एकदा तरी हल रे बाबा. तो अख्खं चित्र ओलांडत रुबाबात चालत गेला आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडला.

मी डोळा काढला.

"काय?" बायकोने विचारलं.

मी डाव्या हाताने नळी पुन्हा लावून दिली आणि खुर्चीवरून उठलो. ती बसली. नियमाप्रमाणे हात पाठीमागे बांधले आणि डोळा लावला. मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट तिने इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

महिनाभर मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तिने "नाही हो, चित्रासारखा आहे" हेच सांगितलं होतं. डॉक्टरांची वेळही तिनेच घेतली होती.

"हलतोय," ती म्हणाली.

मी वर शनीकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

"चांगलाच हलतोय हो. पायच कच्चे आहेत याचे."

"चकत्या परत देऊ या का?" मी विचारलं.

"देऊ या. काही कामाच्या नाहीत." तिने डोळा काढला नाही. "पैज तुम्ही जिंकलात."

"हो."

"तरी उद्या जाऊन येऊ. वेळ घेतलीच आहे."

"जाऊ या," मी म्हणालो.

त्या ताकदीच्या आयपीसमध्ये शनी मिनिटभरसुद्धा टिकत नाही, मागोमाग नळी ढकलावी लागते. तिने नळीला हात लावला नव्हता. म्हणजे शनी केव्हाच बाहेर निघून गेला होता आणि समोर नुसता काळोख होता. तरीही ती डोळा लावून बसून राहिली, आणि मी तिला उठ म्हणालो नाही.